आगाऊ पेशी

त्रिशलाअक्काने मिशरी सोडायची, ही डॉक्टरांची पहिली अट होती.

"ऑपरेशन हिचं आणि मिशरी माझी बंद?" अक्का म्हणाली. "हा कुठला न्याय?"

डॉ. फरीदा बागवान हसल्या. "पेशी तुमच्या जाणार आहेत ना, ताई. तंबाखूनं रक्तवाहिन्या आखडतात, पेशी सुस्तावतात. सुस्त पेशी लावून काय उपयोग?"

अक्काने पदराने तोंड पुसलं आणि धाकट्या बहिणीकडे पाहिलं. "बघ गं सुव्रता, तुझ्यापायी काय काय सोडतो मी."

अक्का कोल्हापूरकडच्या बायकांसारखी स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची. सुव्रता इचलकरंजीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती, तिची भाषा वर्गात शिकवून शिकवून सरळ झाली होती. पण दोघी वाढल्या एकाच घरात, आणि खरं सांगायचं तर सुव्रताला वाढवलं अक्कानेच. आई आजारी पडली तेव्हा सुव्रता शाळेत होती.

सुव्रताच्या उजव्या बाजूला स्तन वाढलाच नव्हता. गर्भात असताना त्या बाजूचा रक्तपुरवठा काही काळ कमी पडला असावा, असं डॉक्टर सांगत. छातीचा एक स्नायूही अर्धाच होता. लहानपणी ती पोहण्यात तालुक्यात पहिली यायची. वयात आल्यावर तिने तलावावर जाणं बंद केलं आणि कारण कुणालाच सांगितलं नाही. अक्काला न सांगता कळलं. तिने कापूस भरून एक घडी शिवली आणि काही न बोलता सुव्रताच्या कपाटात ठेवून दिली. पुढे सुव्रता कमावती झाल्यावर तिने सिलिकॉनची पिशवी बसवून घेतली. वर्षभरात तिच्याभोवती शरीराने धरलेलं आवरण दगडासारखं घट्ट झालं, दुखायला लागलं आणि पिशवी काढून टाकावी लागली. त्यानंतर सुव्रताने तो विषय मनातून काढून टाकला होता. निदान तसं ती म्हणायची.

आता मिरजेत ही नवी पद्धत आली होती. डॉ. बागवानांनी टेबलावर एक पांढरी, स्पंजासारखी जाळी ठेवली. जाळी शरीरात हळूहळू विरघळणारी होती. डाव्या बाजूचं चित्र घेऊन त्याची आरशातल्यासारखी उलटी प्रतिकृती छापायची, पोटाच्या चरबीतून काढलेल्या मूळ पेशी तिच्यात पेरायच्या आणि ती छातीत बसवायची. जाळीत भरलेली द्रव्यं पेशींना भराभर वाढायला लावतात. पेशी जाळीची जागा घेतात, जाळी विरघळते आणि मागे उरतं ते जिवंत, ऊबदार मांस. वाढ नीट होतेय की नाही हे पाहायला तांदळाच्या दाण्याएवढा एक संवेदक आत ठेवलेला असतो. तो सगळी खबर दवाखान्यात कळवत राहतो.

अडचण एकच होती. सुव्रताच्या स्वतःच्या पेशी प्रयोगशाळेत थोड्या वाढून थांबत होत्या. काहींच्या बाबतीत असं होतं आणि का होतं ते अजून कुणाला नीटसं माहीत नाही. मग अक्काचं रक्त तपासलं. सख्ख्या बहिणींच्या ऊती पूर्ण जुळतीलच असं नसतं, पण या दोघींच्या जुळल्या. अक्काच्या पेशींमध्ये कर्करोगाचे माहीत असलेले आनुवंशिक दोष आहेत का, तेही पाहिलं. एकही नव्हता.

शेवटी डॉ. बागवानांनी कॅमेरा सुरू केला. प्रत्येक दात्याला विचारायचा एक प्रश्न त्यांनी अक्काला विचारला. "पुढे या पेशींतून तुमच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल आम्हाला काही कळलं, तर तुम्हाला सांगायचं का?"

"नको," अक्का म्हणाली. क्षणाचाही विचार न करता.

"नीट विचार करा. घाई नाही."

"विचार करूनच सांगतो. आमच्या आईचं रक्त तपासून सांगितलं होतं, तुमचं डोकं पुढं काम करायचं बंद होणार म्हणून. तेव्हा तिला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तिथून पुढं ती एक दिवस सुखानं जेवली नाही. भाजीत मीठ घालायचं राहिलं तरी रडत बसायची, आलंच म्हणायची. खरं दुखणं आलं तेव्हा तिला काहीच कळत नव्हतं, तेवढीच काय ती सुटली. मला सांगू नका."

सुव्रता शेजारीच बसली होती. तिने मान हलवली. तेव्हा तिलाही ते पटलं होतं.

तयारी सुरू झाली. मिशरी सुटल्यावर अक्काचं डोकं दुखायचं, ती भांडी आपटायची, आणि दाजी म्हणजे तिचा नवरा भरतेश, यंत्रमागाच्या शेडवरून येऊन गुपचूप स्वतःच चहा करून घ्यायचे. "ऑपरेशन मेहुणीचं आणि उपास माझा," असं ते सुव्रताला फोनवर सांगायचे. अक्काने पुढून बटणं लावायचे सैल गाऊन शिवले, कारण ऑपरेशननंतर हात वर करून कपडे घालता येणार नव्हते. सुव्रताच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे सगळे डबे तिने कमरेच्या उंचीवर आणून मांडले. झोपताना पाठीवरच राहायची सवय व्हावी म्हणून दोन्ही बाजूंना लोड लावून दिले.

"कुशीवर वळलीस तर मी चिमटा काढणार," ती म्हणाली.

"तू इथे झोपणार आहेस का?"

"मग? तुझी वेणी कोण घालणार?"

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. आधी अक्काच्या पोटातून चरबी काढली, पेशी तयार व्हायला काही आठवडे गेले, मग सुव्रताला आत नेलं. शुद्धीवर आल्यावर तिला आधी कळलं ते छातीवरचं ओझं, कुणी आतून घट्ट पट्टा आवळल्यासारखं. बगलेखालून एक नळी निघून लहानशा बाटलीत गेली होती आणि बाटलीत लालसर पाणी साचत होतं. दातही ब्रशने घासता येत नव्हते. अक्काने सगळं केलं. आंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं. पट्ट्यासारखी घट्ट बंडी सोडून परत बांधणं. औषधांनी पोट धरलं तेव्हा पपई आणि कोमट पाणी. सकाळी सुव्रता खुर्चीत बसायची आणि अक्का मागे उभी राहून तिचे केस विंचरायची. एवढ्या वयात कुणीतरी आपली वेणी घालतंय याची सुव्रताला पहिल्यांदा लाज वाटली, मग सवय झाली आणि मग ती त्याची वाट पाहू लागली.

कातडी बधिर होती, पण आतली ऊब महिन्याभरात जाणवू लागली. सूज उतरली. आकार भरत गेला. एके सकाळी बंडी काढल्यावर सुव्रता आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. दाराशी अक्का होती.

"माझंच आहे," अक्का म्हणाली. "म्हणून बरं दिसतंय."

दोघी हसल्या. हसताना टाके ओढले आणि सुव्रताने छाती धरली.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती तलावावर गेली. अक्का काठावरच्या बाकावर टॉवेल घेऊन बसली होती. सुव्रताने पोहण्याचा पोशाख घातला, आजूबाजूला कोण आहे ते न पाहता चालत काठाशी आली आणि पाण्यात उतरली. उजवा हात अजून पुरता ताणता येत नव्हता. तरी तिने तलावाची एक लांबी पार केली. वर आली तेव्हा अक्का डोळे पुसत होती आणि क्लोरीन लागलं म्हणत होती, पाण्यापासून इतक्या लांब बसून.

डॉ. बागवानांचा फोन आला तो त्यानंतर काही आठवड्यांनी. "एकट्याच या," एवढंच त्या म्हणाल्या.

दवाखान्यात त्यांनी दार लावून घेतलं. पडद्यावर एक वक्र रेषा होती, एका जागी वर चढलेली.

"संवेदक काही द्रव्यं मोजतो, ती वाढलीत. मागच्या तपासणीत सुईने जो नमुना घेतला त्यात पेशी बदललेल्या दिसतात. हा अजून कर्करोग नाही. पण त्याच्या वाटेवर आहे. हे सगळं काढावं लागेल."

सुव्रतामधली शिक्षिका बोलली. "का झालं?"

डॉक्टर सावकाश सांगू लागल्या. पेशी विभागते तेव्हा आपल्या आतल्या मजकुराची नक्कल करते. नकलेत चुका राहतात आणि त्या दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीतच असते. एरवी जितक्या विभागण्यांना पंधरा-वीस वर्षं लागतात, तितक्या या जाळीत काही महिन्यांत होतात. बहुतेकांच्या पेशी ते सहज पेलतात. क्वचित एखाद्या माणसाच्या पेशींमधली दुरुस्ती पुढे कधीतरी थकणारी असते. आज कुठल्याही तपासणीत ते दिसत नाही, कारण आज ती थकलेली नसते. जाळीत मात्र पेशी पुढे धावतात आणि पुढचं आधीच दिसतं.

"म्हणजे माझ्या छातीत जे दिसलं," सुव्रता म्हणाली, "ते पुढे अक्काला..."

डॉ. बागवानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी तुमच्याशी फक्त तुमच्या शरीराबद्दल बोलू शकते."

"डॉक्टर."

"कॅमेऱ्यासमोर त्या काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंय." मग त्या म्हणाल्या, "जगात अशा मोजक्याच केसेस झाल्यात. कुणा एका दात्याबद्दल नाही बोलत मी. काही दात्यांना पुढे तो आजार झाला. काहींना झाला नाही. कधी होईल, होईल की नाही, हे आम्हाला सांगता येत नाही. आम्हाला दिसायला लागलंय ते समजून घेण्याइतकं आम्ही अजून शिकलो नाही."

सुव्रता परत आली तेव्हा अक्का तिच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. सुव्रताने वाटेत ठरवलेलं वाक्य म्हटलं. आत जंतुसंसर्ग झालाय, काढावं लागणार.

अक्काने हात पुसले आणि तिच्या कपाळाला लावले. "ताप तर नाही."

"आत आहे. संवेदकात दिसलं."

"एवढं सोसलंस ते वाया गेलं म्हणायचं," अक्का म्हणाली आणि तिला जवळ घेतलं. डाव्या बाजूने, अजून सवयीने सांभाळून. सुव्रताच्या गालाला अक्काची छाती लागली. तिथे काय आहे, काय नाही, हे तिला कळणार नव्हतं, तरी ती कान लावल्यासारखी तशीच राहिली.

ते दिवस वाईट गेले. सांगावं, तर आईचं जे झालं तेच अक्काचं आपल्या हातून होणार. न सांगावं, तर उद्या काही झालं की आपल्याला माहीत होतं हे घेऊन जगायचं. दाजींना सांगायचा विचार एकदा मनात आला. ती शेडवर गेली तेव्हा ते कामगारांना अक्काच्या भांडी आपटण्याची नक्कल करून दाखवत होते. सुव्रता तशीच परत फिरली.

जाळीतलं मांस काढून टाकलं. पुन्हा नळी, पुन्हा घट्ट बंडी, पुन्हा हात वर न उचलता येणं. उजवी बाजू आता पहिल्यापेक्षाही खोल गेली होती. अक्का पुन्हा राहायला आली. दवाखान्यातच, दुसऱ्या दिवशी दुपारी, ती सुव्रताचे केस सोडवत होती. गुंता फार होता. अक्का एकेक बट हातात घेऊन टोकाकडून सोडवत वर येत होती.

"जंतुसंसर्ग असता तर तुझी डॉक्टरीण माझ्याकडं बघून बोलली असती," ती मागून म्हणाली.

सुव्रताला मान वळवता येत नव्हती आणि वळवायचीही नव्हती.

"पहिल्या वेळी मला ताई ताई करत होती. आता मी आत आलो की ती खिडकीकडं बघते. तू तर मला बघितलं की हसतीस. आजपर्यंत कधी हसली नाहीस एवढी."

"अक्का..."

"बोलू नकोस. मी विचारलेलं नाही तुला काही." कंगवा थांबला नव्हता. "माझ्या पेशीत काहीतरी निघालंय. काय ते मला नको. आज मला काही होतंय का? नाही ना? मग आजच्यापुरतं बास."

सुव्रताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात गालापर्यंत जात नव्हता. अक्काने पुढे येऊन स्वतःच्या पदराने पुसलं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

"काढलेलं कुठं आहे?"

"ठेवलंय त्यांनी. टाकून देतील."

"बाहेरच्या टीव्हीवर दाखवत होते, असलं काचेत जगवून त्याच्यावर औषधं लावून बघतात म्हणून."

सुव्रताला ते माहीत होतं. डॉ. बागवानांनीच सांगितलं होतं की तसं करता येईल, पण त्याला दात्याची संमती लागते, आणि दात्याला न सांगता संमती कशी मागायची.

"लावू देत," अक्का म्हणाली. "माझं आहे ते, मी देतो. काय दिसेल ते तुला सांगू देत. तू मला सांगायचं नाहीस. चांगलं असलं तरी नाही. मी काही करायची वेळ आली, तर एवढंच म्हणायचं, चल. मी येईन. कुठं, कशाला, विचारणार नाही."

"मी कसं ठरवू अक्का? मला कसं कळणार कधी म्हणायचं?"

"ते मला माहीत नाही गं," अक्का म्हणाली. वेणी घालून झाली होती. तिने शेपटाला रबर लावलं. "आईच्या वेळी ठरवायला कुणीच नव्हतं. निदान मला तू आहेस."

त्याच संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर अक्काने ते पुन्हा सांगितलं. डॉ. बागवानांनी कायद्याने विचारायचे ते सगळे प्रश्न विचारले. अक्काने प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. हिला सांगा.

त्यानंतर सगळं पूर्वीसारखं चाललं होतं. सणावाराला सुव्रता अक्काकडे जायची. दाजी यंत्रमागावर नव्याने बसवलेल्या यंत्रांची तक्रार करायचे, ती धागा तुटायच्या आधीच माणसाला हाका मारतात म्हणून. फक्त अक्का आता जेवताना तिच्या समोर बसत नव्हती. लहानपणापासून दोघी समोरासमोर बसायच्या, आता अक्का ताट घेऊन शेजारी येऊन बसायची. बोलायची पहिल्यासारखीच, भाजी वाढायची, पण पुढे भिंतीकडे बघत. सुव्रताला तिचे हात तेवढे दिसायचे. काही दिवसांनी सुव्रताला कारण कळलं. तिचा चेहरा अक्काला वाचायचा नव्हता.

काचेतल्या पेशींवर एकामागून एक औषधं लावून झाली. डॉ. बागवान फोन करायच्या. हे लागू पडत नाही, हेही नाही. सुव्रता फोन ठेवून वर्गावर जायची आणि मुलांना समीकरणं शिकवायची. मग एका औषधाने पेशींची वाढ मंदावली. ही चांगली बातमी होती आणि ती सांगायला तिच्याजवळ माणूस नव्हतं.

पावसाळा संपल्यावर पुन्हा फोन आला.

"ते औषध उपयोगी पडतंय," डॉ. बागवान म्हणाल्या. "पण पेशी पुढच्या पायरीवर जायच्या आत दिलं तरच. इथे काचेत ती पायरी जवळ आल्यासारखी दिसते. दात्याच्या शरीरात ती कधी येईल हे मी सांगू शकत नाही. आज द्यावं तर कदाचित फार लवकर होईल. थांबावं तर कदाचित उशीर होईल. आणि औषध हलकं नाही. हाडं ठिसूळ होतात, माणूस थकतो, केस विरळ होतात. हे आयुष्यभर घ्यावं लागेल, कदाचित कधीच न होणाऱ्या आजारासाठी."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मला नाही माहीत, सुव्रता," डॉक्टर म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी तिला एकेरी नावाने हाक मारली होती.

अक्का आणि दाजी श्रवणबेळगोळला जायला निघाले होते. लग्न झाल्यापासून दाजी नेतो नेतो म्हणत होते. अक्काने दशम्या केल्या होत्या, नवी चप्पल घेतली होती, आणि एवढ्या पायऱ्या चढायच्या म्हणून रोज गच्चीच्या जिन्यावर चढून उतरत होती. सुव्रता त्यांना निरोप द्यायला गेली. 'चल' म्हणायचं असेल तर आत्ताच, असं तिला दारात उभं राहून वाटलं. अक्काने पिशवी खांद्याला लावली. "घरातल्या तुळशीला पाणी घाल," ती म्हणाली. सुव्रता बरं म्हणाली.

ते परत येईपर्यंत सुव्रता नीट झोपली नाही. चूक केली की बरोबर, हे तिला सांगू शकणारं जगात कुणी नव्हतं. आई असती तरी तिला सांगता आलं नसतं.

परत आल्यावर अक्का उन्हाने काळवंडली होती आणि पायऱ्यांबद्दल बोलताना थांबत नव्हती. सगळ्या चढलो, मधे फक्त एकदा बसलो, हे मात्र तीनदा बसले. वरून सगळं इवलं इवलं दिसतं म्हणाली. सुव्रता ऐकत राहिली. दाजी शेडवर गेले. अक्का शेजारी बसून तिथून आणलेल्या खाऊचं पाकीट सोडत होती.

"अक्का, चल," सुव्रता म्हणाली.

अक्काचे हात थांबले. पाकिटातून थोडी साखर जमिनीवर सांडली होती. तिने ती बोटाने गोळा केली, उठून मोरीत टाकली, हात धुतले आणि बराच वेळ नळाखालीच धरून ठेवले.

"साडी बदलू का?" तिने विचारलं.

"आहे तीच चांगली आहे."

"ह्यांना काय सांगायचं?"

"माझ्या तपासणीला जातोय म्हणू."

बसमध्ये अक्का खिडकीशी बसली. जयसिंगपूर गेलं, उदगाव गेलं. ती एरवी वाटेतल्या प्रत्येक गावातल्या नातेवाइकांची काही ना काही गोष्ट सांगायची, आज बोलली नाही. अंकलीच्या पुलावर कृष्णेला भरपूर पाणी होतं. अक्काने नदीला हात जोडले आणि मग डोळे मिटून डोकं मागे टेकलं. तिचा हात सुव्रताच्या मांडीवर होता, थंडगार.

बस मिरजेत शिरली. चौकातून वळल्यावर दवाखान्याची इमारत समोर दिसू लागली, वरच्या मजल्याच्या काचांवर ऊन पडलं होतं.

"अजून लांब आहे काय गं मिरज?" अक्काने डोळे न उघडता विचारलं.

सुव्रताने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आहे अजून," ती म्हणाली. "झोप जरा."